थैली आणि तिची दोरी

राज्यकारभारास लागणारा पैसा मंजूर करणें वा नाकारणें हा लोकप्रतिनिधींचा सर्वांत मोठा अधिकार होय. परंतु त्यांनीं तो खरोखरच नाकारला तर काय होतें? याचें एक उत्तर नागपूरनें १९२४ सालीं पाहिलें.

१९१९ च्या कायद्यानें प्रांतांत द्विदल राज्यपद्धति आली. शिक्षण, आरोग्य इत्यादि ‘सोंपीव’ खातीं मंत्र्यांकडे गेलीं; पोलीस, जमीनमहसूल इत्यादि ‘राखीव’ खातीं गव्हर्नर व त्यांच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिलीं. १९२३ च्या निवडणुकींत मध्यप्रांत-वऱ्हाडांत स्वराज्य पक्षास बहुमत मिळालें. डॉ. मुंजे हे त्याच्या आघाडीच्या पुढाऱ्यांपैकीं एक. मार्च १९२४ मध्यें कौन्सिलानें सरकारचें अंदाजपत्रक फेटाळलें, आणि मंत्र्यांस वेतन मंजूर केलें तें वर्षास अवघे दोन रुपये! मंत्री पायउतार झाले.

तरीहि कचेऱ्यांस कुलपें लागलीं नाहींत. गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनीं कायद्यानें दिलेल्या विशेषाधिकारानें नाकारलेला खर्च चालू ठेविला व सोंपीव खातींहि आपल्याकडे घेतलीं. थैली लोकांच्या हातीं दिलेली, पण दोरी दुसऱ्याच्या मुठींत, हें सर्वांस दिसलें. पक्षासमोर मात्र प्रश्न उभा राहिला: नुसत्या अडवणुकीनें पुढें काय? ऑक्टोबर १९२५ मध्यें कौन्सिलाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनीं कार्यकारी मंडळांत जागा स्वीकारली. त्यावरून वादळ उठलें, आणि केळकर, जयकर, मुंजे प्रतिसहकाराच्या मार्गास लागले.

अमेरिकेंत याच्या उलट स्थिति आहे. तेथें नामंजूर खर्च चालू ठेवण्याचा असा अधिकार अध्यक्षांस नाहीं. काँग्रेस व अध्यक्ष यांचें पैशावरून जमलें नाहीं, तर सरकारी खातीं खरोखरच थांबतात: २०१८-१९ मध्यें ३५ दिवस, २०२५ मध्यें ४३ दिवस. लाखों नोकर घरीं बसतात. विमानांची वाहतूक सांभाळणारे पगारावांचून कामावर येतात. भांडण वरच्यांचें, आणि चूल विझते ती खालच्याची.

स्वतंत्र भारतानें दोन्ही टोकें टाळलीं. अंदाजपत्रकाचें काम पुरें होईपर्यंत लेखानुदानानें खर्च चालतो. आणि लोकसभेनें सरकारच्या मागण्याच नाकारल्या, तर कचेरी बंद पडत नाहीं, मंत्रिमंडळास जावें लागतें. नागपूरच्या त्या दोन रुपयांत जी मागणी दडलेली होती, ती हीच: पैसा नाकारला गेला, तर खुर्ची सोडावी ती राज्यकर्त्यानें.