काळ्या मातीने निवडलेली सायकल

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या शिवारात बर्फ पडत नाही. पण मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की इथली भारी काळी जमीन सायकलवाल्याचे जे हाल करते, ते बर्फाळ मुलखातल्यापेक्षा फार वेगळे नसतात. माती फुगते, टायरला चिकटते, मडगार्डाखाली गच्च बसते आणि थोड्याच अंतरात चाक फिरेनासं होतं. मग काडीने चिखल उकरायचा, नाहीतर सायकल खांद्यावर घेऊन पांदण संपेपर्यंत चालायचं. फिनलंडमधल्या औलूसारख्या शहरात लोक हिवाळाभर बर्फातून सायकली चालवतात. जिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे ते मीठ साखळी गंजवून टाकतं. अशा ठिकाणचा विद्यार्थी स्वस्त, साधी, कमी सुट्या भागांची आणि चाक व मडगार्ड यांत मोकळी जागा असलेली सायकल शोधतो. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याची निवड याच कसोट्यांवर ठरत आली. अडचण बर्फाची नव्हती, चिखलाची होती, इतकाच फरक.

मुळात कॉलेजच या भागाच्या फार उशिरा वाट्याला आलं. हिंगोली पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली हैदराबादेत स्थापन झालं, शिक्षणाचं माध्यम उर्दू. साखऱ्यासारख्या गावातल्या मुलाला ते अंतर मैलांत मोजण्यासारखं नव्हतंच. संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झालं आणि पुढच्या दोन वर्षांत चित्र हललं. 1950 मध्ये औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, पुढे मिलिंद नावाने ओळखलं गेलेलं महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. खेड्यातली मुलं शहरात खोली करून राहू लागली, घरून आलेल्या ज्वारीच्या पिठावर भाकरी थापू लागली, आणि जमलंच तर एक जुनी सायकल घेऊ लागली.

नेमक्या याच वर्षांत देशात सायकलींचे कारखाने उभे राहत होते. त्याआधी रॅले, हंबर, हर्क्युलिस, बीएसए ही विलायती नावं पैसेवाल्यांच्या दारात दिसत. 1949 मध्ये मद्रासजवळच्या अंबत्तूरला टीआय सायकल्सची स्थापना झाली. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला. 1951 मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस आणि 1956 मध्ये लुधियानात मुंजाल बंधूंची हीरो. पुढे 1986 साली जगातला सर्वांत मोठा सायकल उत्पादक म्हणून हीरोची गिनेस बुकात नोंद झाली. शेतकऱ्याच्या मुलाला या स्पर्धेचा फायदा असा झाला की सायकल ऐपतीच्या टप्प्यात आली, आणि तिचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळू लागले. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची होती.

त्या काळची विद्यार्थ्याची सायकल म्हणजे काळी, बावीस किंवा चोवीस इंची फ्रेमची, लोखंडी सळ्यांच्या ब्रेकची, 28 इंची चाकांची. वजनाने जड, चढाला जीव काढणारी. पण तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतं आणि जे बिघडे ते कोपऱ्यावरचा मिस्त्री दुरुस्त करी. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचे, कानशीने घासायचं, सोल्यूशन लावून ठिगळ चिकटवायचं. सगळी विद्या एवढीच. चिखलाच्या गावांत पावसाळ्यापुरतं मडगार्ड काढून ठेवायची युक्ती चालायची. पाठीवर चिखल उडाला तरी चाक फिरतं. आज कॉलेजला जाणारा मुलगा गिअर, डिस्क ब्रेक आणि पुढच्या शॉकअपकडे ओढला जातो, ते स्वाभाविक आहे. पण उघड्या गिअरमध्ये काळी माती एकदा वाळून बसली की खेड्यातल्या दुकानात त्याला इलाज नसतो. या मातीत बिनगिअरची सायकल हीच शहाणी खरेदी आहे.

सायकल रुळायला रस्ताही लागतो. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला गेली, आणि त्या कामांतून अनेक गावांना पहिल्यांदा रस्ता मिळाला. अशा कामांसाठी पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, तो 1979 पासून अमलात आला. दुष्काळात राबलेल्या त्या हातांनी पुढच्या पिढीच्या शाळा-कॉलेजची वाट बांधली, याची आठवण क्वचितच कुणी काढतं.

मात्र ही सारी गोष्ट मुलांची होती. घड्याळ, रेडिओ आणि सायकल हा त्या काळी नवरदेवाचा ठरलेला मान. मुलीच्या बापाने कर्ज काढून सायकल द्यायची आणि मुलीने तिच्या मागच्या कॅरिअरवर बसायचं. हुंडाबंदीचा कायदा 1961 मध्ये आला, तरी हा रिवाज लवकर हटला नाही.

मुलीच्या हाती हँडल आलं ते सरकारी योजनेतून. बिहारने 2006 मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देणं सुरू केलं. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. महाराष्ट्रात हे काम मानव विकास कार्यक्रमाने केलं. हिंगोली जिल्हा त्यात आहे. शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. आधी ते 3,500 रुपये होतं, 2022 मध्ये 5,000 झालं. लांबच्या गावांतल्या मुलींसाठी एसटीच्या मोफत बसगाड्या ठेवल्या. सकाळी गणवेशातल्या मुलींची रांग सायकलींवरून शाळेकडे निघालेली दिसते, तेव्हा गेल्या पन्नास वर्षांत या भागात काय बदललं ते सांगावं लागत नाही.

पण ही सायकल योजना बारावीला थांबते. सेनगाव किंवा हिंगोलीच्या महाविद्यालयात पदवीला जाणाऱ्या मुलीला तिचा आधार नाही. तोवर आठवीत घेतलेल्या सायकलीचे टायर झिजलेले असतात, साखळी सैल झालेली असते, आणि घरात लग्नाचा विषय निघालेला असतो. सरकारने ही योजना पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत न्यावी, आणि सोबत टायर-ट्यूब व दुरुस्तीसाठीही थोडी रक्कम द्यावी.