फुलांची सुगंधी तेले आणि चिनी वैद्यक

पारंपरिक चिनी वैद्यकात फुलांना औषध म्हणून फार जुने स्थान आहे. ली शिझेन यांच्या १५९६ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘बेनत्साओ गांगमू’ या ग्रंथात १,८९२ औषधी द्रव्यांची नोंद असून त्यांत अनेक फुले आहेत. मात्र फुलांचे सुगंधी तेल काढून ते ॲक्युपंक्चरच्या बिंदूंवर लावण्याची पद्धत अलीकडची आहे. फ्रेंच रसायनतज्ज्ञ रेने-मॉरिस गातफोसे यांनी १९३७ मध्ये आपल्या ग्रंथाद्वारे ‘अरोमाथेरपी’ हा शब्द रूढ केला. या युरोपीय उपचाराची चिनी निदानपद्धतीशी सांगड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील चिकित्सकांनी घातली.

उष्ण आणि शीत

चिनी वैद्यकानुसार शरीरात ‘ची’ ही जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते आणि यिन व यांग यांचा तोल ढळला की व्याधी उद्भवते. प्रत्येक द्रव्याचा गुण उष्ण की शीत, चव कोणती आणि ते कोणत्या मार्गात प्रवेश करते, यावर त्याची योजना ठरते. शेवंती व हनिसकल शीत मानली जातात. ती ताप, डोळ्यांची लाली यांसाठी देतात. गुलाब किंचित उष्ण असून तो यकृतातील कोंडलेली ‘ची’ मोकळी करतो, असे मानतात. लवंग ही वस्तुतः न उमललेली कळीच. ती पोटातील थंडी व उचकीवर वापरतात. चोंदलेल्या नाकासाठी मॅग्नोलियाच्या कळ्यांचा उपयोग होतो. लॅव्हेंडरसारख्या युरोपीय फुलांना असे गुण आधुनिक चिकित्सकांनी नव्याने जोडले आहेत.

काढा वेगळा, तेल वेगळे

येथे एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावा लागतो. काढ्यात पाण्यात विरघळणारे घटक उतरतात, तर ऊर्ध्वपातनाने केवळ वाफेबरोबर उडणारे घटक हाती लागतात. हनिसकलमधील क्लोरोजेनिक आम्ल तेलात येत नाही. त्यामुळे काढ्याविषयी ग्रंथांत सांगितलेले गुण तेलाला जसेच्या तसे लागू करणे युक्त ठरत नाही. जातीचाही प्रश्न आहे. चिनी औषधांतील गुलाब ‘रोझा रुगोसा’ जातीचा असतो, तर बाजारातील गुलाबतेल बहुधा ‘रोझा डॅमासीना’चे, म्हणजे बल्गेरिया व तुर्कस्तानातील गुलाबाचे असते. एक किलो तेलासाठी साधारण ३,००० ते ५,००० किलो पाकळ्या लागतात. त्यामुळे ते अत्यंत महाग असते आणि त्यात भेसळही होते.

वापर कसा होतो

तेल सामान्यतः बदाम किंवा तत्सम वाहक तेलात १ ते ३ टक्के मिसळले जाते. दोन टक्क्यांसाठी ३० मिलिलिटर वाहक तेलात सुमारे १२ थेंब पुरतात. हे मिश्रण बोटाने बिंदूवर लावून हलका दाब देतात. मनगटाच्या घडीपासून सुमारे दोन अंगठे वर, दोन स्नायुरज्जूंच्या मध्ये असलेला ‘नाईग्वान’ हा बिंदू मळमळ व अस्वस्थतेसाठी निवडला जातो. या बिंदूला चेतना दिल्याने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होते, असा निष्कर्ष ‘कॉक्रेन’च्या २०१५ च्या आढाव्यात आहे, परंतु तो पुरावा बिंदूचा आहे, तेलाचा नव्हे.

सावधगिरी

नैसर्गिक आहे म्हणजे निरुपद्रवी आहे, ही समजूत धोकादायक ठरू शकते. दातदुखीवर घरोघरी वापरले जाणारे लवंगतेल लहान मुलाच्या पोटात गेल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते. तेच तेल न मिसळता लावल्यास त्वचेची आग होते. चिनी परंपरेतही लवंग आणि हळदीच्या कुळातील ‘युजिन’ हे कंद एकत्र देणे वर्ज्य आहे. अंगठा व तर्जनी यांमधील ‘हगू’ हा बिंदू गरोदरपणी टाळतात. गर्भवती, दमेकरी व रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ही तेले वापरू नयेत. पोटात घेणे तर सर्वांनीच टाळावे. तेल खरेदी करताना बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आहे की नाही हे पाहावे. तसेच नियमित औषधे बंद करून केवळ सुगंधावर विसंबू नये.