एपिरिप्तो

पेत्राच्या पहिल्या पत्रात, ५व्या अध्यायात, देवाच्या हाताखाली लीन व्हायला सांगितलं आहे आणि लगेच सारी चिंता त्याच्यावर टाकायला. मूळ ग्रीकमध्ये हे ‘टाकणं’ स्वतंत्र आज्ञा नाही; ‘लीन व्हा’ला जोडलेलं धातुसाधित आहे. टाकता टाकताच लीन व्हायचं! घरभाडं, लेकराचा ताप, सगळं एकट्यानं पेलायचा हट्ट हाही अहंकारच, असं मला त्यातून कळतं. धातू ‘एपिरिप्तो’: ‘एपि’ म्हणजे वर, ‘रिप्तो’ म्हणजे फेकणं. नव्या करारात तो आणखी एकदाच येतो, लूकच्या १९व्या अध्यायात. तिथे शिष्य आपली वस्त्रं शिंगराच्या पाठीवर टाकतात आणि येशूला त्यावर बसवतात.