इंग्रजी अंमलाचे जाहीरनामे व नाशिक प्रांत

इ. स. १८१८ त महाराष्ट्रांत राज्य पालटलें हें सर्वश्रुत आहे. तें कोणत्या लढायांनीं व कोणत्या तहांनीं पालटलें याची चर्चाही पुष्कळ झालेली आहे. परंतु नव्या सरकारचें धोरण गांवच्या चावडीपर्यंत कोणत्या वाटेनें, कोणाच्या हातून आणि कोणत्या शब्दांत पोहोंचलें, या प्रश्नाकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. रयतेच्या घरीं खडकी-आष्टीची लढाई आली नाहीं. तिच्या घरीं आली ती दवंडी. ज्याचें वतन राहणार कीं जाणार हें एका कागदावर ठरत होतें, त्याच्या दृष्टीनें तो कागद हाच राज्यक्रांतीचा खरा प्रसंग होय. प्रस्तुत लेखांत नाशिक प्रांतापुरता हा विचार करण्याचें योजिलें आहे. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ सालीं झाला. तत्पूर्वीं त्याचा मुलूख कांहीं खानदेशाकडे व कांहीं अहमदनगराकडे मोडत असे. म्हणून येथें ‘प्रांत’ हा शब्द आम्ही सैल अर्थानें वापरीत आहों.

पहिला व मुख्य कागद म्हणजे एल्फिन्स्टन साहेबाचा साताऱ्याचा जाहीरनामा. याची तारीख ११ फेब्रुवारी १८१८, म्हणजे शके १७३९ ईश्वरनाम संवत्सर, माघ शुद्ध पक्ष. सुहूर सन समान अशर मयातैन व अलफ. साताऱ्याचा किल्ला आदले दिवशीं इंग्रजांच्या हातीं आला होता. जाहीरनाम्याचा पूर्वभाग बाजीरावावरील आरोपांचा आहे. गंगाधरशास्त्र्यांचा पंढरपुरास झालेला वध, त्रिंबकजी डेंगळ्याचें प्रकरण व १८१७ च्या नोव्हेंबरांतील बिघाड हे त्यांतील मुख्य विषय. उत्तरभागांत रयतेस व वतनदारांस उद्देशून कलमें आहेत. वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानें यांचें रक्षण होईल. धर्माचार न्याय्य व योग्य असेल तेथपर्यंत चालूं दिले जातील. मक्त्याची पद्धति बंद होऊन माफक वसूल घेतला जाईल. बाजीरावास अगर त्याच्या पक्षाच्या लोकांस वसूल दिल्यास तो मजुरा मिळणार नाहीं. जे वतनदार त्याच्या चाकरींत असतील त्यांनीं दोन महिन्यांचे आंत आपापल्या गांवीं परत यावें, न आल्यास वतन जप्त होईल. आणि कोण परत आले नाहींत त्यांचीं नांवें जमीनदारांनीं कळवावीं.

येथें एका शब्दाविषयीं सावधगिरी पाहिजे. ‘जमीनदार’ म्हटलें म्हणजे आजच्या वाचकास मोठा भूमिधारक आठवतो. पेशवाईच्या दफ्तरी भाषेंत जमीनदार म्हणजे परगण्याचे देशमुख-देशपांडे. या कलमाचा अर्थ त्यामुळें अगदीं निराळा होतो. नव्या सरकारनें परगण्यांत आपलीं माणसें पाठविण्यापूर्वींच तेथील वंशपरंपरेच्या अधिकाऱ्यांस आपल्या कामास जुंपलें. धोरण खालीं सांगणारे तेच, आणि कोणीं तें मानलें नाहीं हें वर कळविणारेही तेच. ज्या देशपांड्याच्या भाऊबंदांपैकीं कोणी बाजीरावाच्या लष्करांत असेल, त्याच्यावर केवढा पेंच आला असेल याची कल्पना वाचकांनीं करावी.

कागदाची वाटही जुनीच होती. कमिशनराकडून कलेक्टराकडे, तेथून मामलेदाराकडे, मामलेदाराकडून परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांकडे व तेथून मौजेच्या पाटील-कुळकर्ण्यांकडे, असा हा उतार होय. खानदेशांत कॅप्टन ब्रिग्ज व अहमदनगरास कॅप्टन पॉटिंजर हे यांतले पहिले दुवे. शेवटचा दुवा मात्र महाराचा. गांवोगांव कागद नेणें, चावडीवर लोक जमविणें हें काम त्याच्या वतनाकडे असे. कुळकर्णी वाची, पाटील हुंकार देई, आणि सरकारचा शब्द गांवांत जाई तो ज्यानें पायपीट केली त्याच्यामुळें. दफ्तरांत पाटील-कुळकर्ण्यांचीं नांवें येतात. पायपीट करणाऱ्याचें नांव क्वचितच येतें. १९५८ च्या कायद्यानें हीं कनिष्ठ ग्रामवतनें रद्द होईपर्यंत ही व्यवस्था या ना त्या रूपानें चालूच होती. एल्फिन्स्टननें आपल्या २५ ऑक्टोबर १८१९ च्या प्रसिद्ध अहवालांत गांवगाड्याचें जें सविस्तर वर्णन केलें आहे, तें केवळ जिज्ञासेचें फळ नव्हे. ज्या यंत्रावर नवा अंमल चालावयाचा होता त्याची ती मोजदाद होती.

आतां नाशिक प्रांताच्या दृष्टीनें महत्त्वाचा मुद्दा मुदतीचा. ११ फेब्रुवारीपासून दोन महिने म्हणजे ११ एप्रिल. हिजरी गणनेनें रबिलाखरच्या आरंभापासून जमादिलाखरच्या आरंभापर्यंत. या अवधींत नाशिक प्रांताची स्थिति काय होती? २० फेब्रुवारीस आष्टीस बापू गोखले पडले, तरी बाजीराव फिरतच होता. तो माल्कमच्या स्वाधीन झाला ३ जून रोजीं. कर्नल मॅक्डोवेलची फौज चांदवडच्या डोंगररांगेंतील राजदेहेर किल्ल्यापुढें आली तीच एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याचे सुमारास. नाशिक शहर व त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांकडे आले ते त्याच महिन्याच्या उत्तरार्धांत, आणि मालेगांव पडलें जून महिन्यांत. म्हणजे ज्या मुलुखांत इंग्रजांचें ठाणें बसलें नव्हतें, जेथें पेशव्यांचे किल्लेदार अजून दरवाजे लावून बसले होते, त्या मुलुखांतील वतनदारांसही मुदत साताऱ्याच्या तारखेपासूनच मोजली जाणार होती. कागदाप्रमाणें पाहतां, त्र्यंबकच्या किल्ल्यावरील वतनदार शिबंदी किल्ला खालीं झाल्यावर दुसरेच दिवशीं घरीं गेली, तरी तिची मुदत टळलेली होती.

यावरून जाहीरनाम्याची तारीख व जाहीरनामा कळल्याची तारीख या दोन भिन्न गोष्टी असून दुसरीच इतिहासास अधिक उपयोगाची आहे, हें स्पष्ट होतें. जुने कारकून हें जाणत होते. आलेल्या पत्राच्या पाठीवर ते ‘पैवस्ती’ म्हणून चंद्र व महिना घालीत, तो याचकरितां. आमच्या संग्राहकांपैकीं कित्येक जण मजकुराची नक्कल करितात आणि पाठीवरील हा शेरा किरकोळ म्हणून गाळतात. वरील उदाहरणांत त्या एका ओळीवर एखाद्या घराण्याच्या वतनाचा न्याय अवलंबून होता.

सरकारचा शब्द मराठींत उतरतांना काय होई याचें ठळक उदाहरण याच प्रांतांतलें आहे. मालेगांवचा भुईकोट नारोशंकर राजेबहाद्दर यांनीं बांधलेला. १८१८ च्या मे-जूनांत तेथील अरबांनीं इंग्रजांस निकरानें झुंज दिली. अखेर किल्ला देतेवेळीं अरबांनीं लेखी वचन मागितलें, व इंग्रज सेनापतीच्या वतीनें मराठींत लेख देण्यांत आला. लिहिणारा कारकून अशा कामांत मुरलेला नव्हता. किल्लेकऱ्यांस जें हितावह तें करूं, अशा अर्थाचा मजकूर त्यांत पडला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या समजुतीनें ही बिनशर्त शरणागति होती. अरबांच्या वाचनानें त्यांस मोकळें जाण्याची हमी मिळाली होती. वाद कमिशनराकडे गेला, आणि एल्फिन्स्टननें शब्दांचा अर्थ अरबांच्या बाजूनें घेतला. यांत त्याचें औदार्य कोणी पाहील, तर कोणी धोरण. आमच्या मतें दोन्ही होतीं. नुकत्याच जिंकलेल्या मुलुखांत गांवोगांव कागद फिरत असतां सरकारच्या मराठी लेखाचा शब्द पहिल्याच प्रसंगीं फिरला असता, तर साताऱ्याच्या जाहीरनाम्यावर विश्वास कोणी ठेविला असता? तो विश्वास हेंच त्या वेळीं सरकारचें खरें भांडवल होतें.

तें भांडवल पुढें कसें खर्च झालें हेंही पाहिलें पाहिजे. १८१८ त वतन-इनामांस अभय मिळालें. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास दख्खन, खानदेश व दक्षिण महाराष्ट्र येथील इनामांची चौकशी करण्याचा अधिकार मिळाला, आणि तीच घराणीं सनदा घेऊन पुराव्याकरितां उभीं राहिलीं. पुढें पांच वर्षांनीं जो क्षोभ झाला त्यांत नाशिक प्रांतही होता. सिन्नरच्या दक्षिणेस नांदूर-शिंगोटें येथें भागोजी नाईकाच्या भिल्लांशीं झालेल्या चकमकींत ४ ऑक्टोबर १८५७ रोजीं लेफ्टनंट हेन्री मारला गेला. डिसेंबरांत त्र्यंबकावर छापा पडला, आणि पेठ संस्थानांतील भगवंतराव नीळकंठराव यास फांशी झाली. हे भिल्ल इनामदार नव्हते, व त्यांचीं दुःखें निराळीं होतीं. परंतु सरकारच्या शब्दावरील भरंवसा सर्वच थरांत ओसरला होता, असें आम्हांस वाटतें.

१ नोव्हेंबर १८५८ रोजीं राणीचा जाहीरनामा निघाला. त्यांत पुनः धर्मास अभय, वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कांस मान व हत्यार ठेवून १ जानेवारी १८५९ पूर्वीं घरीं परतणारांस क्षमा आहे. इंग्रज प्रजाजनांच्या खुनांत प्रत्यक्ष भाग घेणारे मात्र क्षमेबाहेर ठेविले होते. चाळीस वर्षांपूर्वींच्या कागदाशीं हा ताडून पाहावा: अभय तेंच, मुदत तशीच, आणि मुदतीबाहेर राहणारांस धाक तोच. हेन्रीच्या मृत्यूमुळें भागोजी क्षमेच्या आंत बसण्याजोगा नव्हता. तो आणखी वर्षभर डोंगरांत राहिला, व नोव्हेंबर १८५९ त सूटरच्या तुकडीशीं लढतांना पडला.

सारांश, परकी सरकारचें धोरण या प्रांतांत नव्या साधनांनीं आलें नाहीं. तें आमच्याच चावडीच्या, आमच्याच वतनांच्या व आमच्याच मोडी लेखणीच्या वाटेनें आलें. म्हणून त्याचा इतिहास लंडनच्या किंवा मुंबईच्या छापील इंग्रजी पुस्तकांवरून अर्धाच लिहितां येईल. उरलेला अर्धा भाग पुण्याच्या पुराभिलेखागारांतील रुमालांत आणि नाशिक, सिन्नर, चांदवड, निफाड, दिंडोरी येथील देशपांडे-कुळकर्णी घराण्यांच्या दफ्तरांत शोधावयाचा आहे. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, १८१८ व १८५८ च्या जाहीरनाम्यांच्या नकला हातीं आल्यास ‘छापील मजकूर उपलब्धच आहे’ म्हणून त्या बाजूस सारूं नयेत. मराठी शब्द इंग्रजीशीं कोठें जुळत नाहींत तें टिपावें, पाठीवरील पैवस्ती तशीच उतरावी, आणि कागद कोणीं आणला याचा उल्लेख असल्यास तो प्रथम नोंदवावा.