पृदाकुच्या अंगावरची नक्षी

मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात 'पृथु' पाहताना नजर थोडी खाली गेली आणि 'पृदाकु'वर अडली. अर्थ दिले होते: साप, आणि पुढे वाघ किंवा बिबट्या. त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. आफ्रिकेतलं बिबट्या कासव लोक हौसेनं पाळतात, त्याच्या पोटजाती ओळखायच्या कशा? त्याचं शास्त्रीय नाव स्टिग्मोकेलिस पार्डालिस. पार्डालिस म्हणजे ग्रीकमध्ये बिबट्या. आणि पृदाकु त्याचाच भाऊबंद!

हे नातं सगळ्यांना मान्य नाही. परंपरेनं पृदाकु 'पर्द्' धातूवरून साधतात. पर्द् म्हणजे वारा सरणे. आपलं 'पादणे' त्याचंच. सापाचा फूत्कार त्यात कसाबसा बसेल, पण बिबट्या कुठे बसवायचा? दुसरा पक्ष म्हणतो की शब्द मुळात ग्रीकही नाही आणि संस्कृतही नाही. दोघांनी तो कुठल्याशा हरवलेल्या भाषेतून उचलला. असेल. पण उसना शब्दसुद्धा काहीतरी अर्थ घेऊनच येतो. सोग्दी भाषेतला बिबट्याचा शब्द याच्या जवळचा आहे आणि फारसी 'पलंग'ही त्याच कुळात धरतात. निजामाच्या हैदराबादेत फारसी जाणणाऱ्याला पलंग म्हटल्यावर बिबट्याच आठवला असेल. आपला झोपायचा पलंग वेगळा, तो पर्यंकावरून आला.

माझ्या बाजूतलं लंगडं ठिकाण मला दिसतं. अथर्ववेदात पृदाकु साप आहे. बिबट्या हा अर्थ फक्त कोशकार देतात. तरीही कोशकारांनी तो हवेतून आणला नसणार. बोलण्यात जपलेला जुना अर्थ त्यांनी टिपला, असं मी धरून चालतो.

आता कासव. टॉमस बेलनं 1828 मध्ये पार्डालिस हे नाव दिलं. लव्हरिजनं 1935 मध्ये 'बॅबकॉकी' ही पोटजात वेगळी काढली. पाळणाऱ्यांची खूण सोपी होती: पिल्लाच्या पाठीवरच्या खवल्यात मधोमध दोन किंवा जास्त काळे ठिपके असले तर दक्षिणेकडचं पार्डालिस, एकच असला किंवा नसलाच तर बॅबकॉकी. मोठेपणी ठिपके विस्कटतात. मग लोक कवचाची उंची पाहतात: चपटं की घुमटासारखं. पण घरात वाढलेल्या कासवाच्या खवल्यांना पुष्कळदा उंचवटे येतात, आणि ती खूणही हातची जाते. 2010 मध्ये मायटोकॉन्ड्रियातला डीएनए तपासल्यावर या दोन पोटजाती टिकल्याच नाहीत.

हैदराबादेत हाच पेच आपल्या तारा कासवाच्या रूपानं आला. पिवळ्या रेघांच्या चांदण्यांचं हे कासव तीन ठिकाणी सापडतं: गुजरात-राजस्थान आणि लगतचा पाकिस्तान, दक्षिण भारत, श्रीलंका. पाळणं बेकायदा, तरी चोरटा व्यापार जोरात. सिंगापूरला जप्त केलेली तारा कासवं हैदराबादला परत आली, तेव्हा प्रश्न पडला: सोडायची कुठे? गुजरातचं कासव आंध्रात सोडलं तर दोन वेगळ्या वंशांची सरमिसळ व्हायची. पाठीवरच्या चांदण्या पाहून मूळ गाव सांगता येईना. सीसीएमबी या तिथल्या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पेशीकेंद्रकातला आणि मायटोकॉन्ड्रियातला, असा दोन्ही डीएनए वाचला. त्यांतल्या अनेकांचं नातं दक्षिण भारतातल्या कासवांशी जुळलं. 2006 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

या कथेत साप कुठे? याच सीसीएमबीत लालजी सिंग यांनी भारतातलं डीएनए ठसे घेण्याचं तंत्र उभं केलं, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेला शोधक धागा आला होता पट्टेरी मण्यारीच्या डीएनएवरून. कासवांचा माग काढताना हाच धागा वापरला, असं माझं म्हणणं नाही. पण रक्तावरून कूळ काढायची विद्या त्या संस्थेत रुजली ती सापापासून, हे मला फार मोलाचं वाटतं.

मण्यार पट्टेरी, बिबट्या ठिपकेदार, कासव चांदण्यांचं. पृदाकुचा मूळ अर्थ 'अंगावर नक्षी असलेला' एवढाच घेतला, तर तिघंही त्यात बसतात, आणि मी तोच घेतो.