दौलताबादचा समुद्र

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना मुरूड-जंजिऱ्याला न्यायचे, असा बेत आम्ही शिक्षक मंडळींनी केला होता. बसभाड्याचा आकडा समोर आला आणि बेत बारगळला. बहुतेक पालक रोजंदारीवर जाणारे. दोन दिवसांच्या सफरीसाठी एवढी रक्कम ते कोठून देणार? मुलांची तोंडे उतरली. तेव्हा आम्ही ठरवले की, समुद्रावर जाता येत नसेल तर समुद्राची सुट्टी इथेच करू. शाळेच्या अंगणात कडुनिंबाखाली सतरंज्या अंथरल्या, भिंतीवर अरबी समुद्राचा नकाशा लावला. पहिलाच सवाल आला, "सर, समंदर का पानी गरम रहता के ठंडा?"

आम्हांला नीट जवाब देता आला नाही. मग पुस्तके चाळली, आणि ध्यानात आले की या एका सवालात आमच्या दौलताबादची बरीचशी तवारीख दडलेली आहे.

दौलताबादहून समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. तरी हा किल्ला समुद्रापासून तुटलेला कधीच नव्हता. १३४२ मध्ये दिल्लीहून निघालेला इब्न बतूता येथे थांबला आणि पुढे नंदुरबार आणि खंबायतमार्गे जाऊन जहाजावर चढला. मलिक अंबर तर हबश देशात जन्मलेला. गुलाम म्हणून विकला गेला, मोखा आणि बगदाद पाहिले आणि अरबी समुद्र ओलांडून दख्खनेत आला. १६१० च्या सुमारास त्याने निजामशाहीची राजधानी दौलताबादला आणली; जवळच खडकी वसवली आणि तिला नहरीने पाणी दिले. तिकडे जंजिऱ्यावरही हबशी सरदारच होते. म्हणजे ज्या मुरूडला आम्ही जाऊ शकलो नाही, त्याचे आणि आमचे नाते जुनेच.

ही जहाजे वाटेल तेव्हा निघत नसत. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरलेला हंगाम. त्यातूनच आपला 'मोसम' आला आणि इंग्रजांचा 'मॉन्सून'सुद्धा. इब्न माजिद या अरब नाखुदाने १४९० च्या सुमारास लिहिलेल्या 'किताबुल फवायद'मध्ये कोणत्या बंदरातून केव्हा निघावे, याचे हिशेब दिले आहेत. वारा केव्हा फिरतो, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते.

वारा का फिरतो, हे आम्ही मुलांना दोन घमेल्यांत दाखवले. एकात माती, दुसऱ्यात पाणी. दोन्ही भर उन्हात ठेवली. दोन तासांनी मातीला हात लावणे कठीण झाले, पाणी मात्र कोमटच होते. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा धावते. पावसाळ्याचे सगळे गणित एवढ्यात मावत नाही, पण सुरुवात येथूनच होते.

खोल समुद्राची उष्णता मात्र घमेल्यात मोजता येत नाही. सप्टेंबर १९३३ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरातून 'मबाहिस' नावाचे छोटे जहाज अरबी समुद्राच्या मोजणीसाठी निघाले. मोहिमेचे प्रमुख सेमूर सेवेल हे भारताच्या प्राणी सर्वेक्षण खात्याचे माजी संचालक. त्यांच्यासोबत अब्देल फत्ताह मोहम्मद आणि हुसेन फौजी हे दोन इजिप्शियन शास्त्रज्ञ होते. अशा मोहिमांत उलटणारी तापमापी वापरीत. ती दोराने खोल सोडायची, तेथे उलटी करायची. पारा त्याच जागी तुटतो आणि वर आणेपर्यंत आकडा बदलत नाही. मे १९३४ मध्ये जहाज परतले. फौजींनी नंतर या सफरीवर पुस्तक लिहिले आणि त्यात स्वतःला आजच्या काळातला सिंदबाद म्हटले. आमच्या मुलांना सिंदबाद ठाऊक आहे, मबाहिस नाही. ही आमचीच कसूर.

आता मुलाच्या सवालाचा जवाब. कोकण किनाऱ्यालगत मे महिन्यात वरचे पाणी २९-३० अंशांच्या आसपास असते. हिवाळ्यात तीन-चार अंशांनी उतरते. त्याच मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो. जुलै-ऑगस्टमध्ये सोमालियाच्या किनाऱ्याला जोरदार वाऱ्याने खालचे पाणी वर येते, तेव्हा तेथे काही ठिकाणी समुद्र २० अंशांच्याही खाली जातो.

हे आकडे आमच्या काय कामाचे, असे कोणी विचारील. १६३० साली पाऊस गेला आणि दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. तीनच वर्षांनी मोगलांनी दौलताबादला वेढा घातला, तेव्हा किल्ल्यातले धान्य संपले आणि अभेद्य म्हणून गाजलेला हा किल्ला शरण गेला. १९७२ चा दुष्काळ तर आमच्या वडीलधाऱ्यांनी सोसलेला. खडी फोडायला गेलेले हात अजून काही घरांत आहेत. त्या वर्षी दूरच्या प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापलेले होते. यालाच एल निनो म्हणतात. दुष्काळाचे सगळे खापर समुद्रावर फोडता येणार नाही. धान्य आणि पाणी कोणाला मिळते, हे माणसेच ठरवतात. पण समुद्राचा ताप आधी कळला, तर तयारी आधी करता येते.

म्हणून त्या सुट्टीत आम्ही एक वही घातली. रोज दुपारची उष्णता आणि जूनपासून पावसाची मोजणी मुलेच लिहितात. पहिला पाऊस पडला तेव्हा तोच मुलगा अंगणात भिजत ओरडला, "सर, समंदर आया!" हिवाळ्यात मुरूडला जायचे आम्ही पुन्हा ठरवले आहे. पैसे महिन्या-महिन्याला थोडे थोडे जमा होत आहेत, आणि तापमापी कोणी न्यायची यावरून वर्गात आतापासूनच भांडण आहे.