दुकानचोरी, शिक्षा आणि ‘सराईत’पणाचा शिक्का : लंडनच्या अनुभवाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
दुकानांतून वारंवार होणाऱ्या चोऱ्यांना शहराने कसे तोंड द्यावे, हा प्रश्न आधुनिक भासत असला तरी त्याची मुळे जुनी आहेत. प्रस्तुत लेखात लंडनच्या अनुभवाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

फाशीचा कायदा :
1699 मध्ये इंग्लंडच्या संसदेने दुकानातून 5 शिलिंग वा त्याहून अधिक किमतीचा माल गुपचूप चोरणाऱ्यास फाशीची शिक्षा ठरविली. चोरास पकडून दोषी ठरविण्यास साहाय्य करणाऱ्यास पॅरिशच्या सक्तीच्या कामांतून सूट देणारे प्रमाणपत्र मिळे. लोक त्यास ‘टायबर्न तिकीट’ म्हणत. संघटित पोलीस दल नसलेल्या शहराने जबर शिक्षा आणि खाजगी बक्षीस यांवरच भिस्त ठेवली होती. या व्यवस्थेतूनच जोनाथन वाइल्डसारखे दलाल निर्माण झाले. चोरांशी संधान बांधून मूळ मालकाकडून बक्षीस उकळणारा हा गृहस्थ 1725 मध्ये फाशी गेला.

कठोरतेची मर्यादा :
प्रत्यक्षात ज्यूरी मालाची किंमत हेतुतः 5 शिलिंगांहून कमी ठरवून आरोपीचा जीव वाचवीत. शिक्षा जितकी भयंकर, तितकी ती होण्याची शक्यता कमी, असा हा विरोधाभास होता. शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची निश्चितता महत्त्वाची, हा बेकारियाचा 1764 मधील विचार सॅम्युअल रोमिली यांनी पुढे नेला. त्यांचे 1810 चे विधेयक कॉमन्स सभेने संमत केले, मात्र सरन्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांच्या विरोधानंतर लॉर्ड्स सभेने ते फेटाळले. 1820 च्या दशकात दुकानचोरीची फाशी संपुष्टात आली आणि 1829 मध्ये लंडनला महानगर पोलीस दल लाभले.

‘सराईत’ ही नवी कोटी :
यानंतर राज्यसंस्थेचे लक्ष गुन्ह्याकडून गुन्हेगाराकडे वळले. 1869 व 1871 च्या कायद्यांनी इंग्लंडमध्ये वारंवार गुन्हा करणाऱ्यांची नोंदवही व त्यांच्यावरील पोलीस देखरेख सुरू झाली. 1871 मध्येच हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा झाला. तेथे सिद्ध झालेल्या गुन्ह्यावरून व्यक्ती ‘सराईत’ ठरे. येथे मात्र जन्मावरून संपूर्ण जमातच तशी ठरविली गेली. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’मध्ये अनेक कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड राहावे लागले. 1952 मध्ये हा कायदा देशभर रद्द झाला, तरी कलंक पुसला गेला नाही. विमुक्तांच्या वाट्याला संशय येतच राहिला.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. जबर शिक्षेपेक्षा पकडले जाण्याची खात्री अधिक परिणामकारक ठरते. चोरीच्या मालाला गिऱ्हाईक मिळू न देणे हे चोर पकडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आणि पुनरावृत्ती रोखण्यासाठी ठेवलेली नोंद ही व्यक्तीच्या सिद्ध कृत्याचीच असावी. भारतातील 1958 च्या परिवीक्षा कायद्याने सुधारणेचा मार्ग खुला ठेवला आहे. आजच्या शहरांनी कॅमेरे व संगणकीय नोंदी वापरताना 1871 चा धडा विसरता कामा नये. अन्यथा दुकानाचे रक्षण करताना निरपराधांच्या प्रतिष्ठेचीच चोरी होईल.